शकुंतलेच्या पुलावरून

दारव्ह्याहून यवतमाळकडे येताना डांबरी रस्ता सोडला आणि धुऱ्याधुऱ्यानं आत शिरलो. पऱ्हाटीच्या ओळी संपल्या तिथं रूळ दिसले, दोहोंत जेमतेम अडीच फुटांचं अंतर. पुढं नाल्यावर पूल : काळ्या दगडाचे पाये, वर गंजलेले गर्डर. पुलाला नाव नाही. रुळांना मात्र आहे, शकुंतला.

यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा मार्ग माणसांसाठी टाकलाच नव्हता. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला न्यायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि पुढं बोटीनं मँचेस्टरला, असा हिशेब. किलिक निक्सन कंपनीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं; ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत धूर सोडत राहिलं. मग डिझेल आलं. स्वातंत्र्यानंतर गाडी मध्य रेल्वेनं चालवली, पण मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली आणि तिला त्याचा मोबदला मिळत गेला.

कापूस ट्रकनं जाऊ लागला, तेव्हा उरली ती माणसं. बाजारहाट, कोर्टकचेरी, माहेर-सासर, सगळं या गाडीवर. वेग असा, की पुलाशी भेटलेले आजोबा म्हणाले, "उतराचं, बोरं तोडाची अन् पुन्हा चढाचं. गाडी कुठी पळून जाते!"

आता गाडी बंद आहे, पूल चालू आहे. सरपणासाठी पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेतलेली बाई पलीकडून आली. एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकताना तिनं खाली पाहिलंही नाही. मधला एक स्लीपर निखळलेला, तो तिनं सवयीनं ओलांडला. मी मात्र गर्डर धरून, बसत-उठत पार झालो.

जिल्ह्यात आता मोठी रेल्वे येते आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. ती हवीच, शकुंतलेच्या सहा-सात तासांच्या प्रवासाचं कौतुक ज्याला तो रोज करावा लागत नाही त्यानंच करावं. फक्त एक गोष्ट शकुंतलेकडून घ्यावी. कापसासाठी आखलेल्या या मार्गानं लहान लहान खेड्यांनाही ठेसन दिलं होतं. माणसांसाठी आखलेल्या मार्गानं त्याहून कमी देऊ नये.