रबरी बेडूक

हिप्परग्याच्या तलावाला कागदोपत्री एकरुख तलाव म्हणतात, बांधलेला 1871 सालचा. मे महिन्यात पाणी मागे सरकलं की काठाला शेवाळ आणि पाणवनस्पतींचा पट्टा उरतो. मरळ तिथंच असते. कल्ल्यांवर तिचं भागत नाही. हवा घ्यायला तिला अधूनमधून वर यावंच लागतं, आणि तेवढ्यात टप्पकन आवाज येतो.

लहानपणापासून माझी मासेमारी म्हणजे गांडूळ, मोरपिसाची काडी आणि चिलापी. काडी बुडाली की हिसका, एवढंच शास्त्र. म्हणून नवी काठी, रीळ आणि पोकळ रबरी बेडूक घेऊन गेलो तेव्हा सगळं येतंय असं वाटत होतं. बेडूक शेवाळावर टाकायचा, दोन झटके द्यायचे, थांबायचं. पुन्हा दोन झटके.

पाचव्या-सहाव्या फेकीला पाणी फुटलं. कुणीतरी धोंडा टाकावा तसं. मी जीव खाऊन ओढलं. रिकामं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या खेपेला बेडूक सुसाट उलटा येऊन माझ्याच छातीवर आदळला.

शेजारी एक अण्णा बसले होते, सोलापूरच्या पूर्व भागातले. जन्म यंत्रमागावर गेला, आता सकाळी तलावावर. ते मरळ म्हणतच नाहीत, तेलुगूत कोर्रमीनू म्हणतात. तेलंगणाने 2016 साली तिला राज्याचा मासा केलं, त्याचं अण्णांना काही नाही. बाजारातला भाव मात्र तोंडपाठ.

"इतकी घाई कशाला करायलास?" त्यांनी बेडूक हातात घेऊन दाबला. पाठीला चिकटून दडलेले दोन आकडे टचकन वर आले. "तिनं तोंड मिटून असं दाबल्याशिवाय हे बाहेर येतंय व्हय? तू आवाज आयकून ओढायलास. हाताला वजन लागू दे की."

सांगणं सोपं आहे. पाणी फुटतं तेव्हा हात आपला राहत नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा धोंडा पडला. मी काठी धरून थरथरत उभा, आणि मागून अण्णा शांतपणे मोजतायत, "ओकटी... रेंडू... मूडू." दोरी आपोआप ताठ झाली. मग ओढलं. काठी कमानीसारखी वाकली आणि शेवाळाच्या गठ्ठ्यासकट मरळ काठावर आली. दीडेक किलोची, काळपट, सापासारखं चपटं डोकं. धरायला गेलो तर अंगाच्या बुळबुळीने दोनदा निसटली.

जुलैत, पहिल्या पावसानंतर, पाण्यावर ताटाएवढा तांबूस डाग दिसला. बारीक सरी पडाव्यात तसा थरथरत होता. मी काठी उचलली.

"तिकडं टाकू नको," अण्णा म्हणाले. "पोरं हायत. आई-बाप खालीच असतंय. भूक नसली तरी धरतंय बघ, रागानं."

मी बेडूक दुसरीकडे फेकला. डाग हळूहळू पाणकणसांकडे सरकला. मागोमाग दोनदा टप्पकन आवाज आला.