आधी पडायला शिकवलं

जित्यात मला पोहायला शिकवलं ते चाचांनी. शिकवलं म्हणजे काय, विहिरीत ढकललं. पोहायला आलं, पण पाण्याची धास्ती आजतागायत गेली नाही. मुलीला सायकल मी तशीच शिकवली, ओरडून ओरडून. तिनं ती पुन्हा हातात घेतली नाही.

म्हणून गेल्या जानेवारीत गुलमर्गला तिनं स्की शिकायचा हट्ट धरला, तेव्हा गोळा माझ्याच पोटात आला. तिथले काश्मिरी उस्ताद वयस्क होते. त्यांनी तिला उतारावर नेलंच नाही. सपाट बर्फावर आधी एकाच पायाला स्की बांधून चालवलं, मग दोन्ही. नंतर पडायला शिकवलं. मागे नाही, खाली बसत कुशीवर पडायचं, आणि स्की उताराला आडव्या करून उठायचं. आडवी पावलं टाकत दहा-बारा हात चढायचं नि तेवढंच घसरायचं; खाली सपाटी असली की आपोआप थांबतो. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवलेली, त्यानं वेग आवरतो. गुडघे वाकलेले, नजर पायांकडे नाही, समोर. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळण. एका वेळी एकच गोष्ट सांगत, तीही "बेटा" म्हणून.

ती पडली की मी "अगं, सांभाळ!" ओरडे. तिसऱ्यांदा उस्तादांनी मला कहवा प्यायला पिटाळलं.

लांबून पाहत राहिलो. ती पडली. माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. अल्हम्दुलिल्लाह, उठली.

घरी आल्यावर सायकल पुसून, हवा भरून ओटीवर ठेवली आहे. तिला अजून काही म्हटलेलं नाही.