सहा महिन्यांचा पाहुणा : किर्लोस्करवाडी ते अमेरिका, मुक्कामाच्या मुदतीचा इतिहास

१/ मुलगा किंवा लेक अमेरिकेत, आईवडील पलूस-कुंडलच्या पट्ट्यात, हे चित्र आता नवलाचे राहिलेले नाही. आईवडिलांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असतो. मुक्काम मात्र एका खेपेस बहुधा सहा महिन्यांचाच. हे सहा महिने आले कोठून? त्याचा हा इतिहास.

२/ प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची मुभा. आत किती दिवस राहायचे, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि ती तारीख ‘आय-९४’ या नोंदीत उमटते. व्हिसा वर्षांत मोजला जातो, मुक्काम दिवसांत.

३/ औंध संस्थानाच्या माळरानावर, कुंडल रोड स्थानकाजवळ, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. तीच आजच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी. त्यांचे पुत्र शंतनुराव १९२२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेस निघाले.

४/ त्या वेळी भारतीयांना अमेरिकेचे दार जवळजवळ बंद होते. १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भूभाग ‘वर्जित प्रदेश’ ठरवला होता आणि भारत त्यात येत होता. मात्र कायद्यात अपवादांची एक यादी होती : वैद्य, शिक्षक, व्यापारी, विद्यार्थी आणि केवळ कुतूहलाने किंवा मौजेसाठी येणारा प्रवासी. विद्यार्थी आणि पर्यटक असे एकाच यादीत शेजारी बसले होते. ज्या नात्याने आत आला, ते नाते सुटले की त्याचे तेथील राहणे बेकायदा ठरे.

५/ शंतनुराव तेथे असतानाच दोन मोठ्या घटना घडल्या. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले. पाठोपाठ १९२४ चा कायदा आला. त्याने ‘तात्पुरता पाहुणा’ हा स्वतंत्र वर्ग मान्य केला. पण त्याने किती दिवस राहावे, हा आकडा मात्र कायद्यात लिहिला नाही. तो नियमांवर सोपवला.

६/ या इतिहासाची खरी मेख येथेच आहे. कायदा बदलायचा तर संसदेत चर्चा होते, मतदान होते. नियम खाते लिहिते आणि खातेच पुसू शकते. पाहुण्याचे दिवस तेव्हापासून खात्याच्या लेखणीवर अवलंबून राहिले.

७/ शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन किर्लोस्करवाडीस परतले. पुढे १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला १०० जणांचा नाममात्र कोटा मिळाला; खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने. मराठी डॉक्टर, अभियंते तेथे स्थिरावले आणि मागोमाग पाहुणे म्हणून त्यांचे आईवडील जाऊ लागले. अशा पाहुण्यांना साधारणतः किमान सहा महिने द्यावेत, असा नियम पुढे झाला. बाळंतपण, बारसे आणि दैव अनुकूल असेल तर उष्टावणही, इतका तो काळ.

८/ ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ही मुदत धोक्यात आली. हल्लेखोरांतील काही जण पाहुण्यांच्या व्हिसावर येऊन विमानविद्या शिकले होते. १२ एप्रिल २००२ रोजी अमेरिकी खात्याने प्रस्ताव मांडला : सहा महिन्यांची हमी काढावी, प्रवाशाने प्रयोजन सांगावे, त्यास पुरतील तेवढेच दिवस द्यावेत, प्रयोजन स्पष्ट होत नसेल तर ३० दिवस.

९/ वरवर पाहता हे न्याय्यच वाटते. पण प्रदीर्घ प्रवासानंतर, इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या आजींनी अनोळखी अधिकाऱ्यापुढे आपले प्रयोजन कसे मांडावे? ‘नातवाला आंघोळ घालायला आले’ याचे दिवस किती होतात? तो प्रस्ताव अखेर नियमात उतरला नाही. सहा महिने टिकले.

१०/ भयाने नियम आवळणे ही एकट्या अमेरिकेची रीत नव्हे. २६/११ च्या कटातील डेव्हिड हेडली व्हिसावर भारतात वारंवार येऊन गेल्याचे उघड होताच, २००९ च्या अखेरीस भारताने पर्यटकांच्या दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले. निरुपद्रवी प्रवाशांचीच त्यात अधिक अडचण झाली. २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांसाठी ती अट उठली.

११/ मग वारे उलटे वाहू लागले. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई आणि गोव्यासह नऊ विमानतळांवर ऑनलाइन पर्यटक व्हिसा सुरू झाला. मुक्काम ३० दिवस. २०१७ मध्ये ते ६० झाले. २०१९ मध्ये वर्षभराचा व प्रदीर्घ मुदतीचा ई-व्हिसा आला आणि अमेरिकी नागरिकांना सलग १८० दिवसांपर्यंत राहण्याची मुभा मिळाली.

१२/ म्हणजे आज आजी नातवाकडे जाऊ शकते ती सहा महिने, आणि अमेरिकी पासपोर्टचा नातू पाहुणा म्हणून पलूसला येऊ शकतो तोही जवळपास तितकाच काळ. ही बरोबरी कोणत्याही नात्यातून उपजलेली नाही. भय वाढले की दिवस घटतात, पर्यटनाचा पैसा हवासा झाला की वाढतात. नातवंडांचा सहवास या हिशेबात कोठेच धरलेला नसतो. तरी घरोघरच्या भेटी त्याच आकड्यावर बेतल्या जातात.