हात मोकळे ठेवून डोंगर चढा

पिंपरी-चिंचवड म्हटले की डोळ्यांपुढे धुराडी येतात आणि चाकण म्हटले की कांद्याचा बाजार नाहीतर मोटारींचे कारखाने. पण याच पट्ट्यात तुकोबारायांच्या चिंतनाचे म्हणून मानलेले तीन डोंगर आहेत. देहूरोडच्या पुढे जुन्या मुंबई रस्त्यावर घोरावडेश्वर, इंदुरीजवळ भंडारा आणि चाकणच्या बाजूला शिंदे-वासुलीचा भामचंद्र. एका सुटीत यांतला एक तरी पाहून यावा.

पूर्वी वाट विचारली की उत्तर मिळे, "वडापासून डावीकडे वळा, विहीर ओलांडा." आता वड रस्तारुंदीत गेला आणि विहीर कुंपणाच्या आत. म्हणून पोरेसोरे मोबाइलवरच्या जी.पी.एस.ने वाट काढतात. त्यातून जिओकॅशिंग नावाचा एक खेळही निघाला आहे. कोणी एक डबी दडवून ठेवायची, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी ती शोधून आतल्या वहीत नाव लिहायचे. उपग्रहांच्या खुणांत अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात पहिली बादली दडवली. चाकण साधारण १८.७६ उत्तर, ७३.८६ पूर्व असे आहे. दशांशाच्या पाचव्या अंकात एकाचा फरक म्हणजे जमिनीवर मीटरभराचा फरक, यावरून या आकड्यांची बारकाई ध्यानात येईल.

खेळ छान आहे, पण काळजी वाटते ती हाताची. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला, उन्हाळ्यात पायाखाली मुरूम घसरतो. एका हातात मोबाइल आणि नजर त्याच्यात, अशा माणसाचा पाय सुटला तर धरायला एकच हात उरतो. आणि तोही बहुधा मोबाइल वाचवायलाच धावतो!

आपले वारकरी यात मोठे जाणते. वीणा गळ्यात, पखवाज गळ्यात, पडशी खांद्यावर अशी की ओझे पुढेमागे सारखे. टाळ वाजवायला दोन्ही हात मोकळे. हाच धडा यंत्रालाही लावावा.

नुसते दोरीने गळ्यात अडकवाल तर वाकताना ते झुलून दगडावर आपटेल, काटेरी झुडपात दोरीही अडकेल. गळ्यातली दोरी ठेवा, पण यंत्र छातीच्या खिशात सरकवून खिशाला पिन लावा. खिसा नसेल तर उपरणे खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपे बांधा आणि छातीपाशी त्याचा खोळ करा. मला विचाराल तर सर्वांत उत्तम म्हणजे पाठीवरच्या पिशवीचा पट्टा. जुन्या ताडपत्रीची लहानशी खोळ, वर बटण, गळपट्टीच्या हाडाशी येईल अशी त्या पट्ट्यावर शिवून घ्यावी. घरातली शिलाई मशीन तासाभरात हे काम करते. तिथे यंत्राला आकाश दिसते. मागच्या खिशात ठेवाल तर आपले अंग आणि पिशवी निम्मे आकाश झाकतात आणि मग यंत्र भलतीच जागा दाखवते.

सायकलवर असाल तर जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून हँडलवर फुलीसारख्या ताणा, यंत्र घट्ट बसते. मोटारसायकलवर मात्र मोबाइल असा बांधू नये, हादऱ्यांनी त्याचा कॅमेरा बिघडू शकतो. पाहायचे असेल तेव्हा गाडी थांबवावी, हे निराळे सांगायला नकोच.

डबी दडवायची असेल तर जागेच्या मालकाला आधी विचारा. लेण्यांत, देवळांत नको. कारखान्यांच्या भिंतीलगत किंवा देहूरोडच्या लष्करी हद्दीजवळ तर मुळीच नको. बेवारस डबा दिसला की पोलीस येणारच.

उघड्यावर यंत्र चार-पाच मीटरपर्यंत बरोबर सांगते, कपारीत किंवा दाट झाडीत बरेच चुकते. जवळ पोचलात की ते खोळीत ठेवून डोळ्यांनी शोधा. रेंज नसली तरी जी.पी.एस. चालते, पण नकाशा घरूनच उतरवून घ्यावा लागतो. आणि पायथा सोडण्यापूर्वी गाडी लावलेली जागा यंत्रात नोंदवून ठेवा, म्हणजे दिवेलागणीच्या आत तिथे परतता येईल.