तारखेच्या आधीचा अर्ज

ढाणकी, ता. उमरखेड

चि. ताईस,

सबमिशनच्या तारखा दोन असतात. एक विषयशिक्षकाने किंवा विभागाने ठरवलेली. असाइनमेंट, प्रॅक्टिकल रेकॉर्ड त्या दिवशी द्यायचे. दुसरी विद्यापीठाची, तोवर कॉलेजने अंतर्गत गुण ऑनलाइन भरायचे. पहिलीत सवलत मिळू शकते. दुसरी उलटली की शिक्षकाच्या मनात असूनही फारसे काही करता येत नाही. म्हणूनच “तारीख गेली, आता विषयच सोडते” हे तुझे फोनवरचे वाक्य जिव्हारी लागले. कोणती तारीख गेली, हे न विचारता विषय सोडायचा नसतो.

उशिराचे कारण बहुधा आळस नसतो. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे पाच जिल्हे येतात, सगळे कापूस-सोयाबीनचे. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाचा पहिला वेचा, आणि त्याच दिवसांत हिवाळी सत्राची कामे. मजूर मिळाला नाही की कॉलेजातली मुलगीच वावरात जाते. तुझ्या आईचे कॉलेजचे दुसरे वर्ष असेच अडले, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिक्षकाला हे सांगितल्याशिवाय कसे कळणार?

मदतीची पहिली जागा विषयशिक्षक, मग विभागप्रमुख, मग प्राचार्य. अर्ज तारखेच्या आधी द्यावा. त्यात कारण आणि हवी असलेली नवी तारीख लिहावी. आजारपण असेल तर डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे. अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पोच नसलेला अर्ज न दिल्यासारखाच. पीककर्ज असो, विमा असो, फेरफार असो, तोंडी सांगून विसंबलेली माणसे या गावात किती नाडली गेली! घरातल्या प्रत्येक मुलीने पोच मागायला शिकलेच पाहिजे; त्यात उद्धटपणा काही नाही.

कॉलेजात दाद लागली नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते.

दूरशिक्षणाचे नियम वेगळे. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला ३० टक्के भार असतो. ‘स्वयम्’ या ऑनलाइन पोर्टलवरच्या एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारांपैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात. एखादा आठवडा हुकला म्हणून सगळे संपत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातली तयार असाइनमेंट मात्र मदत नव्हे. चार पाने कमी भरली तरी चालतील, पण ती स्वतःची असावीत. तोंडी परीक्षेत दुसऱ्याचे अक्षर उपयोगी पडत नाही.

आणि रात्र-रात्र झोप नाही, जेवण नको वाटते, हे आईपासून लपवणे बरे नव्हे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत चालतो. मराठीतही बोलता येते. गुणांची काळजी नंतर करता येईल. आधी तिथे किंवा घरी फोन करावा, सकाळी शिक्षकांना भेटावे आणि अर्ज त्याच दिवशी आवक विभागात द्यावा.

मामा