शोभेल असं हेल्मेट

मराठीत ‘बरं दिसत नाही’ असं एक वाक्य आहे. आमच्या घरी दखनीत त्याचंच ‘अच्छा नै दिसता’ होतं. दोन्हीकडे या वाक्याचे अर्थ दोन. भिंतीचा रंग बरा दिसत नाही, हा एक. घरची सून सायकलवरून बाजारात जाते, हे बरं दिसत नाही, हा दुसरा. पहिला प्रश्न डोळ्यांचा, दुसरा लोकांचा. गेल्या वर्षी मी सायकलचं हेल्मेट शोधायला निघाले, तेव्हा हे दोन्ही अर्थ माझ्याबरोबर दुकानोदुकानी हिंडले.

मी सोलापूरला एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. वय 36, शिक्षण बी.एस्सी., बी.एड. विजापूर वेशीजवळच्या आमच्या घरापासून शाळा अडीच किलोमीटरवर आहे. चार वर्षांपासून मी सायकलने जाते. सलवार-कमीज, डोक्याला स्कार्फ, मागे कॅरियरला डबा. सुरुवातीला सासूबाई दारापर्यंत येऊन म्हणायच्या, “बेटा, अच्छा नै दिसता.” शेजारच्या खालांनीही तेच सांगितलं. रिक्षाचे महिन्याचे पैसे वाचू लागले, तसा सासूबाईंचा सूर उतरला. आता कधी सायकल पंक्चर झाली तर त्याच नातवाला पिटाळतात, “जा रे, अम्मी की सायकल बनवा के ला.”

मी सायकलने येते म्हणून माझ्या वर्गातल्या पाच-सहा मुलींनाही घरून सायकल मिळाली. “आपा आते ना सायकल पर,” हा त्यांचा घरात मांडलेला मुद्दा. त्यातली एक नववीतली. तिचं नाव लिहीत नाही. शाळा सुटल्यावर गतिरोधकाजवळ एका मोटरसायकलचा आरसा तिच्या दप्तराच्या पट्ट्याला अडकला आणि ती डोक्यावर आपटली. सात टाके पडले. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसला आहे, विश्रांती हवी. चार दिवस दवाखाना, पुढे दोन महिने डोकेदुखी. फळ्याकडे पाहून लिहिताना मध्येच डोळे मिटून बसायची.

तिचे वडील रिक्षा चालवतात. त्यांनी त्याच आठवड्यात सायकल विकून टाकली. मला भेटून म्हणाले, “मॅडम, लडकी सलामत तो सब कुछ.” त्यांचं काय चुकलं? बापाचं काळीज आहे. पण त्यांचं घर शाळेपासून तीन किलोमीटर. त्यांची रिक्षा पहाटेच स्टेशनवर जाते. मुलगी चुलत बहिणीबरोबर चालत येते. बहीण आली नाही, तर हीही घरी. पहिल्या सत्राच्या हजेरीपटात तिच्या नावापुढे मी एकोणीस गैरहजेऱ्या मोजल्या. आमच्या मोहल्ल्यात मुलीची तालीम अशीच सुटते. कोणी ‘शाळा बंद’ म्हणत नाही. आधी एक दिवस जातो, मग आठवडा.

तेव्हा मी ठरवलं, आपण हेल्मेट घालायचं. मी घातलं तर मुली घालतील, मुलींनी घातलं तर त्यांच्या सायकली राहतील. हिशेब सरळ होता. अडचण एकच निघाली, हेल्मेट.

पहिल्या दुकानात मालकांनी विचारलं, “गाडीचं ना, मॅडम?” सायकलचं म्हटल्यावर त्यांनी लहान मुलांचं, कार्टून चिकटवलेलं एक काढून दिलं. दुसऱ्या दुकानात मोठ्यांचं होतं, पण शर्यतीचं. पुढे टोकदार, मागे शेपटी, अंगभर भोकं आणि रंग असा पोपटी की अंधारातही दिसावा. तिसऱ्या दुकानात काळं होतं. ते मी घेतलं आणि वर्गात नेऊन टेबलावर ठेवलं. म्हटलं, ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी घालून बघा. एकीनं घातलं, बाकीच्यांनी पाहिलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “कछुआ!” वर्ग हसत सुटला. जिनं घातलं होतं, तिनं घाईघाईनं काढून माझ्या हातात दिलं. “नक्को आपा, सब हसते.”

काही शिक्षक म्हणाले, “नखरे आहेत. जिवापुढे दिसण्याचं काय?” मला ते पटलं नाही. बी.एड.ला किशोरावस्थेचा एक धडा होता. या वयात आपण दुसऱ्यांना कसे दिसतो हा मुलांसाठी जगण्याचाच प्रश्न असतो, असं त्यात शिकलो होतो. परीक्षेत आम्ही त्यावर दहा गुणांचं उत्तर लिहिलं. मग शाळेत येऊन मुलींच्या त्याच वागण्याला नखरे म्हणायचं? शिवाय या मुलींकडे आधीच बघितलं जातं. सायकलवर बुरख्यातली मुलगी दिसली की कट्ट्यावरच्या माना वळतात. त्यात डोक्यावर कासव ठेवून जायला कोण तयार होईल? जे हेल्मेट घालायची लाज वाटते ते खुंटीवर राहतं, आणि खुंटीवरचं हेल्मेट फक्त खुंटीला वाचवतं.

हा अनुभव एकट्या सोलापूरचा नाही, हे वाचताना कळत गेलं. स्वीडनमध्ये 2005 साली पंधरा वर्षांखालच्या मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं. त्याच वर्षी लुंड विद्यापीठात शिकणाऱ्या अ‍ॅना हाउप्ट आणि तेरेसे अल्स्टिन या दोघींनी मोठी माणसं हेल्मेट का घालत नाहीत याचा विचार केला. केस बिघडतात, वाईट दिसतं, ही कारणं तिथेही होतीच. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाहीत. गळ्यात घालायचा एक पट्टा त्यांनी तयार केला. पडताना त्यातून हवेची पिशवी फुगून डोक्याभोवती बसायची. 2011 साली तो बाजारात आला. महाग होता, पुढे त्याच्या सुरक्षिततेवरून वाद झाला आणि 2023च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली. पण दोन बायकांनी ‘वाईट दिसतं’ या तक्रारीला अभ्यासाचा विषय मानलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं 1990 साली सर्वांनाच सक्ती केली. नंतरच्या मोजण्यांत रस्त्यावर सायकलवरची किशोरवयीन मुलं कमी झालेली दिसली. हे सक्तीमुळेच झालं का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मी मात्र शिक्षिका म्हणून एवढाच बोध घेतला की माझ्या वर्गात सक्ती नको. हेल्मेट नको म्हणून सायकलच सुटली, तर मी काय मिळवलं?

आपल्याकडे कायद्याची सक्तीही नाही. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मोटरसायकलवाल्यांसाठी आहे. सायकल त्यात येत नाही. त्याच कलमात पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. पण सूट मिळाली म्हणजे डोकं वाचलं असं नाही. म्हणून कॅनडातल्या टीना सिंग या शीख आईची गोष्ट मला जास्त जवळची वाटली. तिच्या मुलांच्या डोक्यावरच्या केसांच्या जुड्यामुळे कोणतंच हेल्मेट नीट बसेना. तिनं जुड्याला वर जागा असलेलं हेल्मेट तयार करवून घेतलं, चाचण्यांतून पास केलं आणि 2022 साली लोकांपुढे आणलं. डोक्यावर काय आहे ते काढा, असं तिनं मुलांना सांगितलं नाही. हेल्मेटलाच बदलायला लावलं.

आता विज्ञानाच्या तासाचा भाग. सायकलच्या हेल्मेटमध्ये आत दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा, थर्माकोलच्याच जातीचा कडक फेस असतो आणि वर पातळ प्लास्टिकचं कवच. डोकं आपटलं की तो फेस चिरडतो. चिरडताना डोक्याला थांबायला थोडं अंतर आणि थोडा वेळ मिळतो, म्हणून आतला मार कमी होतो. मुलींना मी ते ‘मेयार-ए-हरकत’च्या, म्हणजे मराठीतल्या संवेगाच्या धड्यात शिकवलं. एक अंडं फरशीवर टाकलं, दुसरं थर्माकोलच्या खोक्यात गच्च बसवून टाकलं. दुसरं शाबूत राहिलं. फेस एकदाच चिरडतो. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं.

हेल्मेटच्या आत ‘ईएन 1078’ असा युरोपीय मानकाचा शिक्का बघायचा. त्या चाचणीत हेल्मेट सपाट लोखंडावर सेकंदाला 5.42 मीटर वेगानं आपटतात. मुलींनी फळ्यावर गणित केलं, तर तो वेग साधारण दीड मीटर उंचीवरून पडण्याचा निघाला, म्हणजे ताशी 20 किलोमीटरच्या आसपास. सायकलवर बसलेल्या मुलीचं डोकं जमिनीपासून साधारण तेवढंच उंच असतं. म्हणजे ही चाचणी आपल्याच पडण्याची आहे. ट्रकपुढे त्या हेल्मेटचा भरवसा देता येत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. मुलांना अर्धं सत्य सांगितलं की ती उरलेलं अर्धं रस्त्यावर शिकतात.

एवढं झाल्यावर निवड मुलींवर सोडली. मी फोनवर चित्रं दाखवली, त्या ठरवत गेल्या. शेपटीवाली बाद, पोपटी बाद. शेवटी एकमत झालं ते गोल, गुळगुळीत, मोजक्या भोकांच्या हेल्मेटवर. रंगासाठी दोन दिवस भांडण चाललं. जांभळा म्हणे भडक, गुलाबी म्हणे छोट्या पोरींचा. अखेर युनिफॉर्मच्या ओढणीशी जुळणारा गर्द हिरवा ठरला. एकीला त्यावर मेंदीची नक्षी रंगवायची होती. रंगातल्या रसायनानं कवच कमजोर होऊ शकतं, असं बनवणारे सांगतात, म्हणून ती नक्षी वहीतच राहिली. चमकणारी पट्टी आम्ही दप्तराला शिवून टाकली.

उरला स्कार्फ. शिलाई मशीनवरची टेप काढून डोकी मोजली. स्कार्फ बांधून मोजलं की माप एखादा सेंटिमीटर वाढायचं. तेच माप धरलं. जाड जॉर्जेटची घडी नको, पातळ सुती स्कार्फ हवा, कारण जॉर्जेट सरकतं. हेल्मेटखाली टाचणी एकही नको. अंबाडा वर असला की हेल्मेट मागे ढकललं जातं आणि कपाळ उघडं पडतं. म्हणून वेणी खाली, मानेवर. हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. मागची चकती फिरवून घट्ट करायची आणि मान हलवून बघायची. आरशासमोर पाच जणी माना हलवत उभ्या होत्या, तेव्हा स्टाफरूममधून बडी आपा बघायला आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “हां, ये ठीक दिसता.” परवानगी मागायची वेळच आली नाही.

एकाची किंमत साडेचौदाशे रुपये पडली. ही रक्कम या घरांना जड आहे. आम्ही शिक्षिकांनी चालवलेल्या भिशीतून सहा हेल्मेटं घेतली. मुलींच्या घरून दरमहा जमेल तसे पैसे परत येतात. फुकट दिलं असतं तर ते शाळेचं झालं असतं. पैसे भरले म्हणून ते त्यांचं आहे. पहिला आठवडा कट्ट्यावरून बोलणी आली. दुसऱ्या आठवड्यात पाच जणी एकामागे एक, एकाच रंगात निघाल्या, तेव्हा बोलणाऱ्यांना काय बोलावं ते सुचेना. एकटी मुलगी कासव दिसते. पाच जणी असल्या की ते पथक होतं. आता आठवीतल्या मुली विचारतात, आम्हाला कधी?

सहावं हेल्मेट त्या नववीतल्या मुलीसाठी होतं. तिच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, आतल्या फेसावर अंगठा दाबून पाहिला. मग विचारलं, “मॅडम, ये बचाएगा?”

मी म्हटलं, “पडणं थांबवणार नाही. पण तशी पडली असती, तर डोक्याला मार बराच कमी लागला असता.”

ते काही बोलले नाहीत. मुलगी दाराशी उभी होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं, हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा स्वतः लावला आणि दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत राहिले. ‘अच्छा नै दिसता’ ते म्हणाले नाहीत. ‘सोचता हूँ’ म्हणाले.

त्याला आता दोन महिने झाले. सायकल अजून आलेली नाही. मुलगी चालतच येते. या महिन्यात तीन दिवस आली नाही. हेल्मेट मात्र त्यांनी परत आणून दिलेलं नाही, आणि पहिल्या तारखेला भिशीचे शंभर रुपये न मागता तिच्या हाती पाठवतात.