सुजाताचा वाढदिवस कधी?

आम्ही हिंदी सिनेमाचे भक्त आहोत. भक्त हा शब्द चळवळीतल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही, हे आम्हाला कळते. पण खोटे कशाला बोला? विहाराच्या जमाखर्चाची वही लिहितानाही आमच्या ओठांवर किशोरकुमारचे गाणे असते. कार्यकर्ते मित्र टोमणा मारतात, "एवढ्या वेळात बाबासाहेबांचे सगळे खंड वाचून झाले असते." आम्ही म्हणतो, "खंडही वाचतो, पिक्चरही पाहतो. दिवस चोवीस तासांचा आहे." २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला. त्यात अमिताभ बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा राहतो. त्या दिवशी टोमणे मारणारे मित्र आमच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून शिट्ट्या वाजवत होते. तेव्हापासून टोमणे जरा कमी झाले आहेत.

हा नाद लहानपणचा. आमचे वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत खलाशी होते. जयंतीच्या आठवड्यात वस्तीत वर्गणी काढून कलर टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचे. रात्रभरात तीन पिक्चर. पोती अंथरून म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून अंगावरच्या लेकरांपर्यंत सगळी वस्ती बसायची. तिथेच आम्ही 'कुली' पाहिला. दंडावर ७८६ नंबरचा बिल्ला लावलेला हमाल स्टेशनावर मान वर करून चालतो, साहेबाला उलट उत्तर देतो. वडील एरवी पिक्चरला नाक मुरडायचे. त्या रात्री मात्र शेवटपर्यंत बसले. सकाळी कामावर जाताना म्हणाले, "ह्या गड्याला वझं उचलायचं ठाऊक दिसतंय." त्या दिवसापासून अमिताभ आमच्या घरचा झाला.

म्हणून आम्हाला लहानपणी तीनच वाढदिवस पाठ होते. पहिला १४ एप्रिल. त्या दिवशी नवे कपडे, निळी पताका, मिरवणूक आणि गोड जेवण. दुसरा ३ जानेवारी, सावित्रीमाईंचा. तो शाळेत भाषण करावे लागायचे म्हणून पाठ. आणि तिसरा ११ ऑक्टोबर, अमिताभचा. १९८२ साली बंगळुरूला 'कुली'च्या शूटिंगमध्ये त्याला मार लागला आणि तो मरता मरता वाचला, ही गोष्ट थोरली पोरे आम्हाला अशी सांगायची, जणू तो त्यांचा चुलतभाऊ होता.

आमचा स्वतःचा वाढदिवस? तो आमच्या दाखल्यावर आहे : १ जून. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा तोच. शाळेत घालायला नेले तेव्हा गुरुजींनी विचारले, "जन्मतारीख?" माय म्हणाली, "ज्वारी हुरड्यात आली होती, तवाचा हाय." हुरडा थंडीत येतो आणि १ जून रोहिणीच्या उन्हात. गुरुजींनी वय जुळवून तारीख टाकली. त्या तारखेवर आम्ही बी. कॉम. झालो, नोकरीला लागलो, त्याच तारखेवर निवृत्तही होऊ. केक म्हणून कधी कापला नाही. वस्तीत कुणीच कापत नव्हते.

केक आम्ही पहिल्यांदा पाहिला तो पिक्चरात, आणि खाल्ला तो एका साहेबाच्या बंगल्यात. खाल्ला म्हणजे मागच्या दारी. माय तिथे धुणेभांडी करायची. साहेबाच्या मुलीचा वाढदिवस होता, भांडी जास्त पडणार म्हणून मायने आम्हालाही सोबत नेले. आम्ही मोरीच्या पायरीवर बसून राखेने पराती घासत होतो. आत फुगे, टाळ्या, आणि टेपवर आशा भोसले यांचे ते गाणे, हजार वर्षे जगण्याची शुभेच्छा देणारे. आपल्याकडे वाढदिवस म्हटला की रेडिओवर, बँडवर, कुठेही तेच वाजते. ते आम्ही पहिल्यांदा ऐकले मोरीच्या पायरीवर. निघताना बाईंनी वर्तमानपत्राच्या कागदात केकचा तुकडा दिला. शाई लागली होती, पण गोड होता. रस्त्याने मायला विचारले, "आपल्यात असं कामून नाही करत?" ती म्हणाली, "आपल्याला तारीखच नाही, तर कशाचं करता?"

तेव्हाच ठरवले की आपल्या लेकराला तारीख असेल.

आमच्या लेकीचा जन्म १० ऑक्टोबरचा. परभणीच्या दवाखान्यात ती झाली तेव्हा आम्ही पहिले वाक्य बोललो ते असे : "एक दिवस थांबली असती तर अमिताभचा दिवस मिळाला असता." आमच्या आयुष्मतींनी ते वाक्य अजून माफ केलेले नाही. मात्र त्याच आठवड्यात आम्ही जन्माची नोंद केली, दाखला काढला आणि त्याच्या चार झेरॉक्स प्रती करून ठेवल्या. कारकुनाची जात, दुसरे काय!

परवा ऑक्टोबरमध्ये लेकीला दहा वर्षे पूर्ण झाली. या खेपेला वाढदिवस पिक्चरसारखा करायचा, असे आम्ही महिनाभर आधी जाहीर केले. एक किलोचा केक, फुगे, समोसे, वेफर्स. लेकीने वहीच्या पानावर मैत्रिणींची यादी केली. तेरा नावे. आम्ही हिशेब मांडला. बारा प्लेटा, बारा रिटर्न गिफ्ट. कंपासपेट्यांचा बॉक्सच बाराचा येतो. लाल पेन घेतला आणि तेरावे नाव खोडले. कचेरीत खोडतो तसे, एका रेघेत.

ते नाव होते वर्गातल्या एका मुलीचे. तिचे आईबाप भंगार गोळा करतात, रेल्वे लाइनच्या पलीकडे पाल टाकून राहतात. आमच्या लेकीच्या बाकावर ती बसते. आम्ही सांगितले, "बाळा, बाराच आहेत पेट्या." लेक काही बोलली नाही. आयुष्मतीही बोलल्या नाहीत. आता लिहायला बसलोच आहोत तर खरे कारण लिहितो. सुटी कंपासपेटी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. पण ती मुलगी कोणत्या कपड्यांत येईल, शेजारचे काय म्हणतील, फोटोत कशी दिसेल, हे आमच्या मनात होते. समतेवर भाषणे करणाऱ्या आमच्याच मनात.

वाढदिवस छान झाला. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झाले. मेणबत्ती फुंकून विझवायची पद्धत आमच्या घरी नाही. मग केक कापला आणि आम्ही मोबाइलवर ते गाणे लावले, एकदा नाही, पाचदा. पाहुण्या पोरी गेल्यावर लेक म्हणाली, "पप्पा, हे गाणं कोणत्या पिक्चरचं?"

अशा प्रश्नाची तर आम्ही वाटच पाहत असतो. सांगितले : पिक्चर 'सुजाता', १९५९. दिग्दर्शक बिमल रॉय, संगीत सचिनदेव बर्मन, गाणे लिहिले मजरूह सुलतानपुरी यांनी. सुजाता झाली नूतन, आपल्या शोभना समर्थांची लेक. आई झाल्या सुलोचनादीदी, आणि सोवळे पाळणारी बुआ ललिता पवार. लेक म्हणाली, "सुजाता म्हणजे खीर देणारी ना?" सिद्धार्थ गौतमाला खीर देणारी सुजाता तिला विहाराच्या बालवर्गातून माहीत आहे. आम्ही म्हणालो, "नाव तेच. चल, दाखवतो."

लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला हा पिक्चर. आम्हाला त्यातला बंगला आठवत होता, पियानो आठवत होता, देखणा सुनील दत्त आठवत होता. कथा अशी : साथीत आईबाप गेलेली एक अस्पृश्याची पोर एका ब्राह्मण इंजिनिअरच्या घरी वाढते. घरची सख्खी मुलगी रमा. रमा कॉलेजात शिकते, सुजाता घर सांभाळते. कुणी विचारले, ही कोण, तर आई सांगते, आमच्या मुलीसारखी. मुलगी नव्हे, मुलीसारखी. आणि ते गाणे, ज्यावर सारा देश वाढदिवस करतो, ते आहे रमाच्या वाढदिवसाचे. सुजाताचा वाढदिवस त्या घरात होत नाही.

गाणे संपले. लेकीने विचारले, "पप्पा, सुजाताचा वाढदिवस कधी?"

आम्ही म्हणालो, "तिचा नसतो, बाळा."

"कामून? तिला पण कंपासपेटी पुरली नाही का?"

ती हे टोचून बोलली नव्हती. दहा वर्षांच्या लेकराला टोचता येत नाही, ते सरळ विचारते. थोड्या वेळाने ती आमच्या मांडीवर झोपली. आम्ही पुढचा पिक्चर एकट्याने पाहिला.

शेवटी आई जिन्यावरून पडते, रक्त लागते, आणि ते फक्त सुजाताचे जुळते. रक्त दिल्यावर ती मुलगी ठरते. लहानपणी इथे आम्ही रडलो होतो. आता राग आला. रक्त जुळले नसते तर? माणसाचे माणूसपण दवाखान्यात का सिद्ध करावे लागावे? पिक्चर १९५९ चा. त्याच्या तीन वर्षे आधी नागपूरला लाखो माणसांनी धम्म स्वीकारला होता. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला कॉलेज काढले होते, पुढचे मिलिंद महाविद्यालय. तिथे मराठवाड्यातली आपली पोरे शिकत होती. ती कुणाच्या घरी 'मुलासारखी' राहायला तयार नव्हती. पडद्यावरची सुजाता मात्र कुणी तरी आपली म्हणेल म्हणून वाट पाहत होती. बिमल रॉय भले दिग्दर्शक, त्यांचा हेतू चांगला. पण पिक्चर त्या घराच्या दिवाणखान्यातून पाहिलेला आहे.

आणि आम्ही? आम्ही तरी कुठून पाहत होतो? मोरीच्या पायरीवर बसलेले पोर मोठे झाले, नोकरीला लागले, आणि पहिली संधी मिळताच दिवाणखान्यात जाऊन बसले. लाल पेन घेऊन.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि तारीख ११ ऑक्टोबर. अमिताभच्या नावाने दरवर्षी आम्ही कचेरीतल्यांना किंवा शेजाऱ्यांना पेढे वाटतो. या वेळी लेकीला घेऊन रेल्वे लाइनच्या पलीकडे गेलो. डब्यात केक होता, आयुष्मतींनी सकाळीच चुलीवर चढवलेली खीर होती आणि दुकानातून आणलेली तेरावी कंपासपेटी होती. दोघी पोरी पेटी उघडून कर्कटकाने मातीत वर्तुळे काढू लागल्या. तिची आई घाईघाईने पोते झटकून म्हणाली, "बसा साहेब." साहेब हा शब्द त्या दिवशी कानाला बोचला. आम्ही म्हणालो, "जयभीम, माय. साहेब नका म्हणू."

लेकीने मैत्रिणीला विचारले, "तुझा वाढदिवस कधी?" ती म्हणाली, "शाळेत १ जून आहे."

आम्ही गप्प झालो. एवढी वर्षे गेली, आणि गुरुजींची तीच तारीख. तिची आई सांगू लागली, तेव्हा ते वीटभट्टीवर होते, हरभरा काढणीला आला होता, पोरगी भट्टीवरच झाली. नोंद करायला कोण जाणार? मग तिने पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत लसीकरणाचे कार्ड होते, कडा उंदराने खाल्लेल्या. पण तारीख शाबूत होती : १७ फेब्रुवारी.

वाचकहो, आता कारकून म्हणून दोन शब्द. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. एकवीस दिवसांत कळवले तर नोंद फुकट होते. उशीर झाला तर शुल्क, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. खेटे पडतात, पण नोंद होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. शाळा, मतदार यादी, नोकरी, सगळीकडे. म्हणून भट्टीवर, उसाच्या फडात, पालात जन्मलेल्या लेकरांची नोंद झाली का, हे आपापल्या वस्तीत विचारा. वाढदिवसाचा केक नंतर, आधी तारीख.

त्या मुलीचा अर्ज आम्ही स्वतः लिहिला. कार्डाची झेरॉक्स जोडली, दोन साक्षीदार उभे केले. आदेश अजून यायचा आहे. आम्ही पाठपुरावा करतो आहोत.

सिनेमा सोडला का? छे! तो सुटणारा नाद नाही. फक्त आता पियानो वाजू लागला की आमची नजर आपोआप मागच्या दाराकडे जाते. तिथे कोण उभे आहे, हे आधी पाहतो.

भिंतीवर नवे कॅलेंडर लागले तेव्हा आम्ही नेहमीसारखे ११ ऑक्टोबरला गोल केले. लेकीने आमच्या हातातून लाल पेन घेतला, फेब्रुवारीचे पान उघडले आणि १७ तारखेला गोल करून त्यात मैत्रिणीचे नाव लिहिले. त्या दिवशी केक आमच्याकडून आहे. यादी लेकच करणार आहे, आणि लाल पेनही आता तिच्याकडेच असतो.